सीएवहिनी

शीळफाट्याला गाडी अडकली की माणसं तीनपैकी एक गोष्ट करतात. काही हॉर्न वाजवतात. काही सरकारचा उद्धार करतात. उरलेली खाली उतरून पुढे काय झालंय ते बघायला जातात, जणू यांनी बघितलं की आडवा झालेला कंटेनर लाजून उभा राहणार आहे. चौथी गोष्ट करणारं माणूस मी आजवर एकच पाहिलं. ते माझ्याच गाडीत मागच्या सीटवर बसतं. मांडीवर सहा महिन्यांची मुलगी गाढ झोपलेली असते, मुलीच्या पायांशी ऑडिटचं पुस्तक उघडं असतं आणि पुढची गाडी जरा हललीशी वाटली की मागून कुजबुज ऐकू येते, "काका, इतक्यात सुटायला नको हो. दोनच पानं राहिलीत."

ही आमच्या समोरच्या ब्लॉकमधली सीएवहिनी.

बिल्डिंगमध्ये सगळे तिला याच नावाने ओळखतात, ती सोडून. कारण ती अजून सीए झालेली नाही. आणि 1949च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याचं कलम 24 म्हणतं की सभासद नसताना सभासद असल्याचं भासवणं हा गुन्हा आहे. हे तिने वॉचमनला लिफ्टपाशी थांबवून नीट समजावून सांगितलं. वॉचमन घाबरला. दुसऱ्या दिवसापासून तो तिला 'कलमवहिनी' म्हणू लागला.

अशी ही एकटीच आहे असं समजू नका. शीळफाट्यापासून कल्याणपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना टॉवर उभे राहिलेत, आणि प्रत्येक टॉवरमध्ये एखादी तरी सीएवहिनी असतेच. ओळखायची खूण सोपी आहे. गॅलरीत लंगोट वाळत असतात आणि त्यांना लावलेले चिमटे कागद अडकवायचे असतात. फ्रिजवर लशींचं वेळापत्रक आणि रिव्हिजनचं वेळापत्रक एकाच लोहचुंबकाखाली लटकत असतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोटांना पिवळा रंग. पिवळा हळदीचा की हायलायटरचा, हे तिलाही सांगता येत नाही.

या परीक्षेचं गणित मला तिनेच समजावलं. फायनलला सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात किमान 40 हवेत आणि ग्रुपची बेरीज 300 पैकी 150 हवी. म्हणजे तिन्ही पेपरांत चाळीस-चाळीस मिळवणारा माणूस एकूण 120 घेऊन नापास! काठावर पास होणं ही आपल्याकडची पिढीजात सोय, ती या परीक्षेत ठेवलेलीच नाही. बरं, एखाद्या पेपरात 60 मिळाले तर तो पेपर पुढच्या तीन अटेम्प्टना माफ होतो. त्याला एक्झम्प्शन म्हणतात.

2024च्या नोव्हेंबरात, सहाव्या महिन्यात असताना, तिने पहिल्या ग्रुपचे पेपर दिले. बेरीज आली 147. ऑडिटला 58. तीन मार्कांनी ग्रुप गेला आणि दोन मार्कांनी एक्झम्प्शन. मी आयुष्यभर बँकेत लेजर लिहिलेला माणूस. वर्षअखेरीला तीन पैशांचा फरक लागला तर रात्रभर बसून शोधायचो आणि पहाटे तो एखाद्या सहाला तीन समजल्यात सापडायचा. मी तिला म्हटलं, "सूनबाई, तीन मार्कं कुठेतरी पडली असतील, सापडतील." ती म्हणाली, "काका, सापडली आहेत. तिसऱ्या पेपरात पोरीने आतून लाथा मारल्या, तेव्हा मी एक आख्खा प्रश्न सोडून पोटावर हात ठेवून बसले होते. आठ मार्कांचा होता."

फेब्रुवारीत पोरगी झाली. त्याच वर्षापासून सीएची फायनल वर्षातून दोनदाऐवजी तीनदा होऊ लागली, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. विद्यार्थ्यांना आनंद झाला. तिच्या सासूबाईंना नाही. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सत्यनारायणसुद्धा वर्षातून एकदाच असतो!"

सासूबाई मनाने लोणी, पण बाळंतपणाच्या बाबतीत लोखंड. बाळंतिणीने सव्वा महिना वाचायचं नाही, डोळे अधू होतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. पुस्तकं माळ्यावर गेली. कानाला वारा लागू नये म्हणून कानांत कापूस आणि वरून घट्ट स्कार्फ. सून निमूट बसायची. डिंकाचा लाडू खायची, अळिवाची खीर प्यायची, खाटेखालच्या शेगडीवर ओव्याची धुरी घ्यायची. एवढी गुणी बाळंतीण सासूबाईंनी पाहिली नव्हती. पंधरा दिवसांनी मालिशवाल्या मावशींनी स्कार्फ सोडला तेव्हा कापसाच्या आत इअरफोन निघाले. वाचायला बंदी होती. ऐकायला कुठे होती?

तेव्हापासून वर्गातले सर घरात राजरोस बोलू लागले, तेही दुप्पट वेगाने. तिने सगळी लेक्चरं 'टू एक्स'वरच ऐकलेली. एकदा सर साध्या वेगात बोलताना ऐकू आले तर तिला वाटलं, यांना बरं नाहीये. पण खरा चमत्कार पुढे झाला. आजीच्या अंगाईने जी पोर आणखी चेकाळायची, ती 'लेखापरीक्षकाची जबाबदारी' हे प्रकरण सुरू होताच डोळे मिटायची. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी बी.कॉम.ला होतो तेव्हा आमचा आख्खा वर्ग याच प्रकरणाला झोपायचा.

विषय एकदा घरात शिरला की भाषेत उतरतोच. तिच्या घरी डायपर 'फायफो'ने वापरतात, आधी आलेला आधी जायचा. नवऱ्याने घाईत वरचाच उचलला तर, "लायफो चालत नाही, मानकात बसत नाही," असं स्वयंपाकघरातून ऐकू येतं. पोरीने दूध प्यायलं का, हे ती नवऱ्याला विचारत नाही. ते व्यवस्थापनाचं म्हणणं झालं. ती माझ्या बायकोला फोन करून विचारते, कारण तिसऱ्या पक्षाकडून थेट मिळालेली पुष्टी अधिक भरवशाची. आणि सासूबाई? "काका, त्या आमच्या अंतर्गत लेखापरीक्षक. त्यांच्या कामावर विसंबता येतं, पण जबाबदारी कमी होत नाही. अहवालावर सही माझीच." हे सासूबाईंच्या कानावर गेलं. त्यांना त्यातला 'विसंबता येतं' एवढाच भाग कळला आणि त्या दिवसभर खूश होत्या.

एकदा मात्र भडका उडाला. सजीव प्राणी आणि झाडं ताळेबंदात कशी दाखवायची याचं एक मानक आहे. ते ती मोठ्याने पाठ करत होती आणि उदाहरण म्हणून तिने मांडीवरच्या पोरीकडे बोट दाखवलं. सासूबाई कडाडल्या, "माझ्या नातीला जनावर म्हणतेस?" तिने शांतपणे सांगितलं, "नाही आई, ही त्यात बसतच नाही. ते शेतीपुरतं आहे. हिच्यापासून उत्पन्न शून्य."

बारशाच्या रात्री तिने पाकिटांचं ऑडिट केलं. नातेवाइकांच्या भेटींवर आयकर नाही, मग त्या कितीही असोत. बिगर नातेवाइकांच्या सगळ्या मिळून वर्षात 50 हजारांवर गेल्या तर मात्र करपात्र. म्हणून तिने दोन ढीग केले. आम्ही दिलेलं 501चं पाकीट तिने दुसऱ्या ढिगात टाकलं. माझी बायको दोन दिवस फुरंगटून बसली होती. बाळंतपणात दोन वेळचा मऊ भात कोणी नेऊन दिला, म्हणे! तिसऱ्या दिवशी सीएवहिनी पोरीला घेऊन आमच्या दारात आली. म्हणाली, "काकू, आयकर कायद्यात शेजारी नात्यात धरलेले नाहीत. ती कायद्यातली चूक आहे. मी सीए झाले की निवेदन देते." बायको विरघळली. आता ती शेजारणींना सांगते, आपली बाजू दिल्लीपर्यंत जाणार आहे.

माझं वय झालंय. पहाटे तीनला एकदा उठावंच लागतं. समोरच्या ब्लॉकच्या खिडकीत त्या वेळी हमखास दिवा असतो. ती उभी असते, खांद्यावर पोर, पाठीवर थोपटणारा एक हात, दुसऱ्या हातात ग्रीलला टेकवलेलं पुस्तक. थोपटण्याच्या तालावर ओठ हलतात. सीएंच्या संस्थेच्या बोधचिन्हावर गरुड आहे आणि त्याच्याभोवती कठोपनिषदातले शब्द आहेत. सगळे झोपलेले असताना जो जागा असतो, त्याच्याविषयीचे. ते शब्द निवडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर देशाची तिजोरी राखणारा हिशेबनीस असेल. तो पुरुष असेल, त्याच्या डोक्यावर टोपीही असेल. पण पहाटे तीनला आमच्या सोसायटीत आम्ही दोघंच जागे असतो, आणि मी तर निव्वळ प्रकृतीमुळे. वॉचमन खुर्चीत घोरत असतो.

आता जॅमकडे येतो.

पोरीची अडीच महिन्यांची लस होती. नवरा ऐरोलीला कामावर, म्हणून मी माझी जुनी वॅगनआर काढली. बँकेतून निवृत्त झालेला माणूस मोकळाच असतो, हे तो स्वतः सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. परत येताना पोरीने असा टाहो फोडला की शेजारच्या ट्रकच्या क्लीनरने वाकून बघितलं. आणि फाट्यावर गाडी थांबली. शीळफाटा हा एक नाका नाही, चार दिशांचा वाद आहे. मुंब्र्याकडून जुना पुणे रस्ता, इकडून महापे, तिकडून पनवेल, समोर कल्याण. न्हावाशेव्याहून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर इथे आले की ज्याला जिकडे जायचंय तिकडे न जाता सगळे मिळून मधोमध उभे राहतात. त्यात मेट्रोच्या खांबांचे पत्रे. खालून बुलेट ट्रेनचा बोगदा, वांद्र्याहून निघालेला 21 किलोमीटरचा, त्यातला सात खाडीखालून. एवढं जमिनीत तोंड लपवून येणारी गाडी डोकं वर काढणार तेही शीळफाट्यालाच. काय बघायला, देव जाणे.

तर गाडी थांबली. इंजिन सुरू, एसी सुरू, काचा बंद. गाडीला एक बारीक थरथर होती, मेकॅनिक जी दोन वर्षं काढू शकला नव्हता. त्या थरथरीत पोर झोपली. पंचावन्न मिनिटं! इतकी सलग ती जन्मापासून झोपली नव्हती. मी घामाघूम, कमरेत कळ, तोंडात शिव्या. मागे वळून बघतो तर सीएवहिनी देवळातून आल्यासारखी प्रसन्न. आख्खं प्रकरण संपवलेलं. "काका," ती म्हणाली, "उद्या मोकळे आहात?"

मग तो रिवाजच झाला. रोज दुपारी चारला आम्ही जॅममध्ये बसायला निघायचो. खिडकाळीच्या महादेवापर्यंत जायचं, गाडीतूनच हात जोडायचे, परत फिरायचं. पेट्रोलची वही तिने पहिल्या दिवसापासून ठेवली. पानामागे किती पेट्रोल पडतं तेही काढलं आणि दर शनिवारी हिशेबाने पैसे दिले. मी नको म्हणायचो. ती म्हणायची, "काका, नाहीतर मला ते उत्पन्नात दाखवावं लागेल." गाडीत नियम एकच होता, हॉर्न वाजवायचा नाही. मागचे वाजवोत, त्या आवाजाला पोर सरावली होती. पण आपल्याच गाडीचा हॉर्न तिच्या थेट पोटात शिरायचा.

जॅमची तिने प्रतवारी लावली. रिक्षा आडवी घातल्याचा जॅम दहा मिनिटांचा, त्यात एमसीक्यू. पत्रे सरकवायचं काम चालू असल्याचा अर्ध्या तासाचा, त्यात ऑडिटची मानकं. कंटेनर बंद पडला तर कंपन्यांचे एकत्रित ताळेबंद. "आज काय आहे?" असं ती विचारायची. मी मान बाहेर काढून बघायचो आणि आनंदाने सांगायचो, "कंटेनर!" समोरच्या रिक्षावाल्याला वाटायचं, म्हातारा बिघडला.

एकदा तर तिचा नवराच ऐरोलीहून येताना उलट्या बाजूला आमच्या शेजारी येऊन अडकला. दोन काचा, मध्ये दुभाजक. त्याने खुणेने विचारलं, पोर कशी आहे? तिने ओठांवर बोट ठेवलं. वीस मिनिटं ती दोघं एकमेकांकडे बघत नुसती हसत होती. लग्नानंतर इतका निवांत वेळ एकत्र मिळाला नव्हता, असं त्याने मला नंतर सांगितलं.

जुलैत पलाव्याचा पूल खुला झाला. सोसायटीच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ पडले. सीएवहिनी मात्र हिरमुसली. "काका, सप्टेंबरला अटेम्प्ट आहे हो. आत्ताच कशाला?" मी धीर दिला. पूल झाला म्हणून जॅम मरत नसतो. बँकेतल्या माणसासारखी त्याची पुढच्या शाखेत बदली होते. तसंच झालं. आठवड्याभरात आम्हाला तो नव्या जागी हजर सापडला.

सप्टेंबरची परीक्षा ऐन गणपतीत सुरू झाली. पेपर दुपारी दोनचा, केंद्र डोंबिवलीकडचं. जॅम धरून आम्ही साडेदहालाच निघालो. गाडीत ती, पोर, सासूबाई, दोन डबे, एक उपरणं आणि खिडकाळीचा अंगारा. आणि त्या दिवशी रस्ता मोकळा! चिटपाखरू नाही. चार महिन्यांत जो रस्ता आम्ही इंच-इंच मोजला, तो वीस मिनिटांत संपला. गाडी थांबली नाही म्हणून पोर झोपली नाही, आणि झोपली नाही म्हणून आईचं शेवटचं वाचन झालं नाही. पेपर तीन तासांचा, पोरीचं पोटही तीनच तासांचं. दीडला झाडाखाली उपरण्याआड पाजून ती आत गेली. फाटकातून वळून म्हणाली, "काका, झोपवा तिला."

कसं? मी गाडी काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी जॅम शोधत होतो. मानपाड्याला मोकळं. सोनारपाड्याला मोकळं. वाहतूक पोलिसाला विचारलं, "साहेब, गर्दी कुठे आहे?" तो म्हणाला, "काका, टाळायची असेल तर कटईला जाऊ नका." मी कटईला गेलो. देवाने पाठवल्यासारखा एक ट्रेलर तिथे आडवा होता. पोर पाच मिनिटांत झोपली. सासूबाईंनी ट्रेलरला हात जोडले.

पण जॅमला आत जाण्याची वाट असते, बाहेर यायची वेळ नसते. पाचला पेपर सुटला तेव्हा आम्ही कटईलाच होतो. पोर उठली, भुकेने लाल झाली, सासूबाई मला पोलिसाचं डोकं ठिकाणावर नसल्याचं सांगू लागल्या. फाटकापाशी पोचलो तेव्हा सव्वासहा होऊन गेले होते. ती फुटपाथवर येरझाऱ्या घालत होती. धावत आली, पोरीला घेतलं आणि विचारलं, "किती वेळ झोपली?"

"दोन तास दहा मिनिटं," मी अपराध्यासारखा म्हणालो.

"मग चांगला गेला पेपर," ती म्हणाली. हे उत्तर कोणत्या मानकात बसतं, ते मी विचारलं नाही.

निकाल नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागला. आम्ही कुठे असणार? फाट्यावर, चार कंटेनरांच्या मधोमध. पोर नऊ महिन्यांची, मांडीत मावत नव्हती, तरी झोपलेली. पुढच्या ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं. आपल्या राज्याने 2015 साली त्या पाटीवर बंदी आणली, पण पाटीला ते कोणी सांगितलेलं नाही. मोबाइलवर चक्र फिरत होतं. मागे एकदम सामसूम झाली. आरशात बघितलं, तर तिचा चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, तोंडावर घट्ट हात. मला वाटलं, परत तीन मार्कं.

तिने मोबाइल पुढे केला. 46, 48 आणि ऑडिटला 61. बेरीज 155. ग्रुप निघाला होता! आणि तिला ओरडता येत नव्हतं, कारण पोर झोपली होती.

माझा हात आपोआप गेला. सहा महिने न वाजवलेला हॉर्न मी असा दाबला की दाबूनच धरला. मागच्याला वाटलं पुढे सुटलंय, त्याने वाजवला. त्याच्या मागच्याने वाजवला. बघता बघता कल्याणपासून मुंब्र्यापर्यंत सगळा रस्ता वाजू लागला. पोर दचकून उठली, भोवती बघितलं आणि तिनेही सूर लावला.

"वा सीएवहिनी!" मी ओरडलो.

तिने पोरीला खांद्यावर घेतलं. डोळे पुसले, आणि तेच बोट माझ्यावर रोखलं.

"काका, कलम 24. अजून एक ग्रुप बाकी आहे. एप्रिलपासून आयकराचा नवा कायदा येतोय, सगळ्या कलमांचे नंबर बदलणार. आणि असा हॉर्न वाजवणं म्हणजे जाहिरात. सीएला जाहिरात करायला बंदी असते."

मग पोरीच्या पाठीवर थोपटत तिने पिशवीतून दुसऱ्या ग्रुपचं पुस्तक काढलं आणि पुढच्या काचेतून बघत विचारलं, "आज काय आहे, कंटेनर ना?"